झाकणाखालचा स्पंज

शनिवार, २ मार्च

ही डायरी गेल्या वर्षाची आहे. दुकानाच्या रद्दीत कोरीच्या कोरी पडली होती. मालकीणबाई म्हणाल्या, घे, नाहीतर रद्दीवाला नेईल. छापलेले वार सगळे खोटे आहेत, मी ते खोडून वर खरे लिहितोय. सातवीत शाळेला रामराम ठोकलेल्या माणसाला छापील अक्षर खोडायला मिळतंय, हेही काही कमी नाही.

लिहायचं कारण एवढंच की बोलायला कोणी नाही. खोलीत आम्ही दोघं राहतो, पण पलंग एक. रात्री माझा, दिवसा त्याचा. तो रातपाळीला जातो, कुठे ते विचारलेलं नाही. सकाळी मी जिना उतरतो तेव्हा तो चढत असतो. तो मान हलवतो, मी हलवतो. झाला आमचा संसार. संध्याकाळी येतो तेव्हा चादर अजून त्याच्या अंगानं कोमट असते. जाताना किटलीत पाणी भरून ठेवायचं, एवढं आम्ही दोघं पाळतो. हे कधी ठरलं नाही, आपोआप झालं.

खाली लाँड्री आहे. तिच्या यंत्रांमुळे आमची फरशी कायम गरम. थंडीत बरं वाटलं, आता तळवे भाजतात.

दुकानात लागून मला चौथा महिना. इथे जुन्या विजेच्या गिटारी दुरुस्त होतात, त्यातही जास्त बेस, म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजाची. याआधी मी भांडी घासली, गोदामात खोकी उचलली, खुर्च्यांच्या कारखान्यात भुसा खाल्ला. तीन महिन्यांच्या वर कुठे बूड टेकलं नाही. आई म्हणते तुझ्या पायाला भिंगरी आहे. हे मी एकदा बाईंपुढे बोलून गेलो आणि फसलो. तेव्हापासून माझं नावच भिंगरी.

रविवार, ३ मार्च

घरी फोन केला. खोलीत रातपाळीवाला झोपलेला असतो, म्हणून लाँड्रीच्या जिन्यात बसून करतो. फोन नेहमी ताई उचलते. मागे आईचं पायमशीन चालू असतं, त्यात ताईचं अर्धं बोलणं जातं.

"मोठ्यानं बोल, मागे मशीन आहे," ताई.

"मग बंद कर म्हणावं की."

"तूच सांग. माझी टाप नाही."

तेवढ्यात आई मशीनवरूनच ओरडली, "जेवला का विचार त्याला!"

"जेवलो म्हणावं."

"काय जेवला विचार!"

"पाव, अंडं."

"रोज पावच खातो मेला!"

दर रविवारी हेच. आई कधी फोनपाशी येत नाही, तिचे हात कामात असतात. शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा घेतलाय म्हणे. ती टिकला का असंही विचारते, म्हणजे नोकरीत. मी म्हटलं टिकलो. तर मशीन जरा थांबलं आणि मग आणखी जोरात सुरू झालं. ताई म्हणाली, आता ही गल्लीभर सांगत सुटेल.

फोन ठेवल्यावर जिन्यात बराच वेळ बसलो. रविवार फार मोठा असतो.

बुधवार, ६ मार्च

आज एक बेस आला. आजवर आलेल्यांत असा नाही. एक बाई घेऊन आल्या, त्यांच्या वडिलांचा. वडील पंचेचाळीस वर्षं नाचघरातल्या बँडमध्ये वाजवत होते. आता बोटं आखडली. घर सोडून लेकीकडे राहायला आलेत आणि लेकीच्या घरात त्यांचीच खाट कशीबशी मावली आहे.

आमच्या बाईंनी पेटी उघडली आणि चष्मा पुसून परत घातला. कडेला काळा, मग तांबडा, मधे मधासारखा पिवळा रंग. जिथे वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथे रंग पार उडालेला, आतलं लाकूड उघडं. मला वाटलं आता घासून नवा रंग द्यायचा. तसं बोललो.

"दिलास तर हात तोडीन," बाई म्हणाल्या. "तो रंग कोणी उडवला? त्यांच्या कोपरानं. नवा रंग दिला की अर्धी किंमत गेली. नवं कोणीही करतं."

मग त्यांनी मला सगळं दाखवलं. त्या एरवी बोलत नाहीत, पण बेस पुढ्यात असला की नळ सुटतो. धडाला दोन शिंगं आहेत, त्यातलं वरचं लांब, कारण पट्टा त्याला अडकतो आणि मान खाली झुकत नाही. मागची बाजू पोटाशी लागते म्हणून तिथे खोलगट केलंय. तारांच्या खालच्या बाजूला लाकडाचा छोटा ठोकळा आहे. बनवणाऱ्यानं धरून चाललं की लोक अंगठ्यानं वाजवतील आणि बाकीची बोटं ह्या ठोकळ्याला धरतील. लोकांनी बोटांनीच वाजवलं. ठोकळा आपला तसाच राहिला, कोणी न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

वर दोन चकचकीत लोखंडी झाकणं आहेत, एक मधे आणि एक खाली, जिथे तारा अडकवतात त्यावर. बहुतेक वाजवणारे झाकणं आडवी येतात म्हणून काढून फेकायचे. ह्या आजोबांनी एकदाही काढलेली नाहीत. म्हणूनच बाई चष्मा पुसत होत्या. त्यांनी लगेच एका गिऱ्हाइकाला फोन केला. तो जुने बेस गोळा करतो आणि पांढरे हातमोजे घालून हात लावतो, म्हणून आम्ही त्याला हातमोजे म्हणतो. बाई त्याला म्हणाल्या, "न उघडलेला आहे. जसा कारखान्यातून आला तसा. आतलंसुद्धा सगळं असणार."

आजोबांची एकच अट आहे. विकण्याआधी एकदा स्वतः वाजवून बघणार.

शुक्रवार, ८ मार्च

बाई दाढ काढायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "दोन्ही झाकणं काढ. फोटो काढ. धूळ ब्रशनं झाड. जे निघेल ते डबीत." हा दुकानाचा नियम आहे. जुन्या वाद्यातून निघालेली कुठलीही वस्तू फेकायची नाही, मोडका स्क्रू असला तरी. प्रत्येक वाद्याची एक डबी असते.

सगळं केलं. स्क्रू, स्प्रिंगा, वॉशर, सगळं डबीत. खालच्या झाकणाच्या आत मात्र काळपट घाण चिकटली होती, कुजलेल्या पावासारखी. बोट लावलं तर भुगा पडला. पेचकसानं खरवडली, मग रॉकेलच्या बोळ्यानं झाकण आतून आरशासारखं केलं. फोटोही त्यानंतरच काढले, घाण कशाला दाखवायची. घाण पुसून कचऱ्यात टाकली.

बाई गाल सुजवून आल्या, बोलता येत नव्हतं. झाकणं वरूनच बघितली, अंगठा दाखवला आणि घरी गेल्या. आज काम चांगलं झालं.

रविवार, १० मार्च

घरी फोन केला. आज ताईचं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू आलं, शेजारी बसल्यासारखं. लाइन सुधारली वाटतं. पण ताईकडे बोलायला काही नव्हतं. आई झोपलीय म्हणाली.

"दुपारची? आई?"

"दमली होती रे."

बरंच आहे, झोपू दे. मी बेसचं सगळं सांगितलं, शिंगं, ठोकळा, झाकणं. ताई नुसती हं हं करत होती.

मंगळवार, १२ मार्च

काय लिहू?

आजोबा लेकीबरोबर आले. किडकिडीत, कपडे परीटघडीचे, बोटं मुळांसारखी वाकडी. मला म्हणाले, "तू भिंगरी काय? मी मागचा. बँडमध्ये सगळ्यांच्या मागे उभा असायचो. फोटोत माझा फक्त कोपर आहे." आणि खो खो हसले.

बाईंनी बेस त्यांच्या मांडीवर दिला, वायर आवाजाच्या मोठ्या पेटीला जोडली. आजोबांनी डोळे मिटले आणि एक स्वर वाजवला.

टणंऽऽऽ. लांबत गेला, खिडकीची काच थरथरली. मला तर छान वाटला.

आजोबांनी तळहातानं तारा दाबून तो बंद केला. परत वाजवला. परत बंद केला. मग डोळे न उघडताच म्हणाले, "ह्याचा घसा कुणी साफ केला?"

बाई माझ्याकडे वळल्या. "डबी आण."

आणली. त्यांनी बोटानं ढवळली. "स्पंज?"

"कुठला स्पंज?"

"झाकणाखालचा!"

तेव्हा कळलं. ती घाण नव्हती. बनवणाऱ्यांनीच झाकणाच्या आत स्पंजाची पट्टी चिकटवलेली असते. ती तारांना वरून टेकते आणि स्वर लांबू देत नाही. आधीच्या काळी कपाटाएवढा उभा बेस असायचा, त्याचा आवाज असाच आखूड. लोकांना त्याची सवय, म्हणून स्पंज.

"जे निघेल ते डबीत, हे तुला किती वेळा सांगितलं?"

"ते निघालं नाही बाई. त्याचा भुगा झाला."

"मग भुगा डबीत!"

लेक कपाळाला हात लावून बसली. आजोबा मात्र शांत होते. म्हणाले, "आमच्या बँडमालकाला लांब आवाज खपायचा नाही. नाचणाऱ्यांचे पाय चुकतात म्हणायचा. बेस ऐकायचा नसतो, पायात जायचा असतो." मग बेसवर हात फिरवून म्हणाले, "हा मी ओळखत नाही. माझा असा ओरडायचा नाही."

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "हातमोजे बावीस तारखेला येणार. तोवर काय ते बघ. नाहीतर भिंगरी, तू तुझ्या वाटेनं फिर."

तीन महिने. मला वाटलं होतं हा आकडा आपण मोडला.

बुधवार, १३ मार्च

कचऱ्याची गाडी शनिवारीच येऊन गेली. तरी डबा उपडा करून बघितला. माणूस आशेवर काय काय हुंगतो.

शनिवार, १६ मार्च

भांड्यांचा स्पंज लावला. आवाज ओला. चपलेचा तळवा कापून लावला, तर नुसतं ठप्प, जसं कोणी दारावर लाथ घालावी. लाँड्रीवाल्या मावशींनी इस्त्रीच्या टेबलाखालचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, "गिटारीला पण डायपर लागतो का रे?" तो लावला तर सकाळी बरा आणि दुपारी फुगून वर आला.

बाई अजून रागात आहेत, पण वाजवल्यावर कान इकडेच असतो. न राहवून म्हणाल्या, "नवा चालणारच नाही. नवा दाबला की परत उठतो. कोणीतरी वर्षानुवर्षं दाबलेला हवा. मेलेला, पण पुरता नाही."

असला स्पंज बाजारात कोण विकणार?

रविवार, १७ मार्च

आई आजही फोनवर नाही. शेजारी गेलीय म्हणे. मला वाटतं रागावली. मागच्या रविवारी मी फोन करताना तिला उठव म्हटलं नाही, ते लागलं असेल. तिचा राग असाच, आत धुमसतो. मीही बोललो नाही मग.

ताई म्हणाली, "तू कधी येणारेस?"

"का गं?"

"सहज."

मी म्हटलं एवढ्यात कसा येणार, इथे माझं काय होतंय तेच कळत नाही. स्पंजाचं सांगितलं नाही. टिकलो म्हणून तिकडे गल्लीभर झालंय, आता काय सांगू? ताई म्हणाली, नको नको, तू तिथेच राहा, टिकून राहा. तिचा आवाज इतका जवळून येत होता की गिळलेलं पाणीसुद्धा ऐकू आलं.

दिवसभर रस्त्यांवरून चाललो. एका बागेत बाकावर एक माणूस एकटाच पत्ते खेळत होता. मी बघत उभा राहिलो तर त्यानं अर्धे पत्ते पुढे केले. मला त्याचा डाव येत नव्हता. परत दिले.

मंगळवार, १९ मार्च

आज बॅग भरायला काढली. बावीसला हाकलणारच, तर आधीच बांधून ठेवलेली बरी. माझं सामान बांधायला वेळ लागत नाही, सरावच तसा आहे. बॅग खांद्याला लावून बघितली आणि तशीच खाली ठेवून पट्टा चाचपला.

मी निघालो त्या दिवशी आई म्हणाली होती, हा पट्टा तुझा खांदा कापेल. तिनं मशीनपुढच्या स्टुलावरची गादी उचलली, उसवली, आतला स्पंज कात्रीनं उभा कापला आणि पट्ट्यात घालून शिवला. माझ्या जन्माआधीपासून ती त्या गादीवर बसत होती.

मी म्हटलं, "आता तू कशावर बसशील?"

"लाकडावर. झोप तरी येणार नाही."

दुकानात नेऊन पट्टा उसवला. स्पंज पिवळा पडलेला, बोटाएवढा जाड होता तो पुठ्ठ्याएवढा झालेला. दाबला की हळूच उठतो, पण पुरता नाही. झाकणाच्या मापाचा कापला, चिकटवला, स्क्रू बसवले.

वाजवला. धुप्.

बाई मागच्या खोलीतून चहाचा कप घेऊन आल्या. "परत."

धुप्. धुप्. धुप्.

त्यांनी कप ठेवला. "कुठून आणलास?"

"घरचा आहे."

एवढंच विचारलं त्यांनी.

बुधवार, २० मार्च

आजोबा आले. काल संध्याकाळी बाईंनीच बोलावलं. बेस मांडीवर घेतला, डोळे मिटले, एक स्वर. मग दुसरा, तिसरा. वाकड्या बोटांनी दोनच स्वर आलटून पालटून, सारखेच. त्यांचा पाय खाली चालू झाला. लेकीचा पण. बाईंचा पण. मी बघितलं तर माझाही.

"हं," ते म्हणाले. "आला. सख्खा नाही, पण भाऊबंद आहे. कोणाच्या बुडाखालचा?"

मी सांगितलं.

"तरीच. बसून बसून काम करणाऱ्याचा आहे."

मग त्यांनी बेस माझ्या मांडीवर ठेवला आणि ते दोन स्वर शिकवले. मी घाई करत होतो. म्हणाले, "पळू नकोस. तुला कोणी ऐकत नाहीये. बेस कोणाला ऐकू येत नाही, पोरा. पंचेचाळीस वर्षांत मला कोणी वाहवा म्हणालं नाही. पण एकदा पेटीची वायर निघाली, तर सगळा हॉल मागे वळून बघायला लागला. थांबला की कळतो."

शुक्रवार, २२ मार्च

हातमोजे आला. आजोबांनाही यायचं होतं, लेक म्हणाली नको, तुम्हाला त्रास होईल. ती एकटीच आली.

त्यानं सगळं उघडलं. भिंग लावून स्क्रू बघितले. प्रत्येक स्क्रूच्या खाचेतला गंज बघितला. वायरींचे डाग बघितले, ते कोणी वितळवून परत जोडलेत का. झाकण काढल्यावर खालचा रंग निघाला, ऊन न लागलेला, ओला वाटावा असा. त्याच्या तोंडून आवाजच निघाला. मग त्यानं झाकण उलटं केलं. वास घेतला. हातमोज्याच्या एका बोटानं स्पंज दाबला, हळूच उठताना बघितला.

"मूळचा स्पंज," तो म्हणाला. "वा. असा मी दोनदाच बघितलाय. कारखान्यातलाच."

बाई गप्प. लेक गप्प. त्या दोघींकडे बघून मीही गप्प राहणार होतो. नोकरी राहत होती, बेस जात होता, सगळ्यांचं भलं होत होतं. पण तो परत म्हणाला, "कारखान्यातलाच," आणि माझं डोकंच फिरलं.

"नाही साहेब. तो माझ्या आईच्या स्टुलावरचा आहे."

"काय?"

"मूळचा मी फेकला. घाण समजून. हा आईचा आहे."

त्यानं एक एक बोट सोडवत हातमोजे काढले. त्याचे हात मी पहिल्यांदाच बघितले, गोरे आणि मऊ, लहान मुलासारखे. बाईंना म्हणाला, "तुम्ही न उघडलेला म्हणाला होतात," आणि गेला. लेकही गेली, डोळे पुसत. दार लागलं.

मी माझी चहाची वाटी विसळली, फडकं घडी केलं.

"कुठे निघालास?" बाई.

"माझ्या वाटेनं."

"गाढवा, मी सांगणारच होते त्याला."

"कधी?"

"त्याचा चहा झाल्यावर." मग त्या खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की दाढ काढलेला गाल धरावा लागला. "आईच्या स्टुलावरचा! अरे, जरा सभ्य भाषेत तरी सांगायचंस."

संध्याकाळी आजोबांचा फोन आला. लेकीनं सगळं सांगितलं होतं. म्हणाले, काचेत जाऊन बसण्यापेक्षा बरं झालं. वाजवणारा गिऱ्हाईक येईपर्यंत तुमच्याकडे राहू दे, तोवर भिंगरीला बडवू दे, मी बुधवारी ऐकायला येईन. बाईंनी फोन ठेवला आणि दुकानाची किल्ली माझ्यापुढे सरकवली. "रविवारी रस्ते मोजत फिरतोस म्हणे. लाँड्रीवाली सांगत होती. त्यापेक्षा इथे बस."

आयुष्यात कोणी मला किल्ली दिली नव्हती.

रविवार, २४ मार्च

हे नीट लिहायचं आहे.

सकाळपासून दुकानात एकटाच होतो. शटर अर्धं खाली. ते दोन स्वर वाजवत बसलो. आजोबा म्हणाले तसं, पळायचं नाही. पहिल्यांदा कंटाळा आला, मग कंटाळा गेला आणि पाय आपोआप चालू झाला. धुप् धुप्, धुप् धुप्. किती वेळ गेला कोण जाणे. हे मला आधीपासून येतं असं वाटायला लागलं. हे मी लहानपणापासून ऐकलंय. भिंतीला पाठ लावून झोपायचो तेव्हा भिंतीतून पाठीत यायचं.

मग घरी फोन लावला.

"बोल रे," ताई म्हणाली. स्वच्छ. शेजारी बसल्यासारखी. आणि तिच्या आवाजाच्या खाली काहीच नव्हतं.

लाइन सुधारली नव्हती.

"ताई, मशीन का बंद आहे?"

"रविवार आहे ना."

"आई रविवारी कधी थांबली?"

तिनं दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ऐकू आलं."

तेव्हा ताई रडायला लागली. सात तारखेला आई मशीनवरच होती. मान खाली गेली. उजवी बाजू गेली. आता अंथरुणावर आहे, सुधारेल म्हणतात, किती ते सांगत नाहीत. "तू पहिल्यांदाच कुठेतरी टिकलास रे," ताई म्हणाली. "मशीनवर बसून सगळ्यांना सांगत होती, पोरगा टिकला म्हणून. मी कोणत्या तोंडानं तुला बोलावू?"

आणि मी म्हणत होतो आई रागावली.

"बोलते का?"

"नुसतं जे, जे करते. आम्हाला काही कळत नाही. पाणी देतो तर ढकलते."

"तिच्या कानाला फोन लाव."

लावला. श्वास ऐकू येत होता, जड.

"जेवलो, आई," मी म्हटलं. "पाव, अंडं."

पलीकडून एक आवाज आला. ताई म्हणाली हसली बहुतेक, अर्ध्या तोंडानं. कधी बोललोच नव्हतो आम्ही, मधे मशीन होतं. मी फोन खुर्चीवर ठेवला, मोठ्या पेटीच्या पुढ्यात, आणि बेस मांडीवर घेतला. दोन स्वर. पळायचं नाही. धुप् धुप्, धुप् धुप्.

मधेच थांबून फोन उचलला. ताई ओरडत होती, "थांबलास का? थांबू नकोस!"

"का?"

"तिचा डावा पाय. चादरीखाली. हलवतेय."

मग वाजवलं. बोटाला फोड आला, त्याचं उद्या बघू.

सोमवार, २५ मार्च

सकाळी रातपाळीवाला जिन्यात भेटला. माझ्या खांद्याला बॅग बघून थांबला.

"किटली भरलीय," मी म्हणालो. आमच्यातलं पहिलं वाक्य.

"परत येणार?" त्याचं पहिलं. आवाज बारीक आहे त्याचा, मला जाड वाटला होता.

"आई आजारी आहे."

त्यानं बॅग माझ्या खांद्यावरून काढून घेतली आणि चढलेला जिना परत उतरून रस्त्यापर्यंत आणून दिली. रात्रभर काम करून आलेला माणूस. म्हणाला, चादर धुवून ठेवतो.

दुकानात किल्ली द्यायला गेलो. बाई म्हणाल्या, "भिंगरी ती भिंगरीच. किती दिवस?"

"माहीत नाही."

त्यांनी किल्ली घेतली नाही. बेस पेटीत ठेवला, पेटी फळीवर वर सरकवली. "आजोबांना मी सांगते. आणि ते झाकण मी कोणाला उघडू देणार नाही," म्हणाल्या आणि पाठ वळवून कुठलातरी स्क्रू शोधायला लागल्या. तो त्यांच्या हातातच होता.

आता गाडीत बसून लिहितोय. अक्षर हलतंय. समोरच्या बाकावर बसायला जागा होती पण मी दाराशी उभा होतो बराच वेळ, बॅग अजूनही खांद्यालाच आहे. पट्ट्यात आता काही नाही, नुसतं कापड. खांद्याला काचतोय.

काचू दे. ती लाकडावर बसलीच ना.